गावानं पोसलेलं वाचनालय

सात नंबरची मेट्रो न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातून धावत शेवटी फ्लशिंगला थांबते. स्टेशनाचा जिना चढून वर आलं की मेन स्ट्रीटची गर्दी सुरू होते. चिनी अक्षरांच्या पाट्या, फुटपाथवर मांडलेल्या भाज्या, औषधांची दुकानं, बससाठी लागलेल्या रांगा. याच रस्त्याला किसीना बुलेव्हार्ड जिथे येऊन मिळतो, तिथे काचेची एक वळणदार इमारत आहे. सकाळी तिचं दार उघडण्याआधीच बाहेर माणसं जमलेली असतात. घरच्या भाषेतला पेपर वाचायला आलेले आजी-आजोबा, बाबागाडी घेऊन आलेल्या आया, कॉम्प्युटरवर नोकरीचा अर्ज भरायला आलेले तरुण. दुपारी शाळा सुटल्या की दप्तरं घेऊन मुलांचे थवे आत शिरतात.

क्वीन्स पब्लिक लायब्ररीची ही फ्लशिंग शाखा १९९८ साली या इमारतीत आली. दारावर कोणी ओळखपत्र मागत नाही, पिशवी बाहेर ठेवायला सांगत नाही. आत यायला सभासद असावं लागत नाही. चिनी, कोरियन, स्पॅनिश पुस्तकांची कपाटं इंग्रजीच्या कपाटांइतक्याच मानानं उभी आहेत. प्रौढांना इंग्रजी शिकवण्यासाठी वेगळं केंद्र आहे. हे सगळं मोफत मिळतं. सभासदत्वाची वर्गणी नाही आणि पुस्तक घरी नेताना अनामत रक्कमही नाही.

‘अमेरिकेचं सांस्कृतिक जीवन’ असा विषय दिवाळी अंकासाठी निघाला की डोळ्यांसमोर हॉलिवूड, ब्रॉडवे, न्यू ऑर्लिन्सचं जॅझ आणि सुपर बोलची रात्र येते. हे सगळं अमेरिकेचंच आहे. पण ते तिकीट काढून किंवा पडद्यावर पाहायचं जग आहे. सामान्य अमेरिकन माणसाच्या आठवड्यात ज्या सांस्कृतिक जागेला कायमचं स्थान आहे, ती जागा बहुधा त्याच्या घरापासून दहा-पंधरा मिनिटांवरचं वाचनालय असते. देशात सार्वजनिक ग्रंथालयांच्या सुमारे ९,००० संस्था आहेत. त्यांच्या शाखा आणि फिरती वाचनालयं धरली तर दारं सुमारे १७,००० होतात. या दारांमागे पैसा कुणाचा आहे आणि निर्णय कोण घेतं, हे पाहिलं की त्या देशाच्या स्वभावाचा बराचसा उलगडा होतो.

गावसभेचा ठराव

वाचनालयाची कल्पना अमेरिकेत रुजली ती वर्गणीतून. १७३१ साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या मित्रांनी ‘लायब्ररी कंपनी’ काढली. पन्नास जणांनी सुरुवातीला ४० शिलिंग आणि पुढे दर वर्षी १० शिलिंग द्यायचे, त्या पैशांतून पुस्तकं मागवायची आणि आळीपाळीनं वाचायची, अशी ती योजना होती. कारागीर आणि छोटे व्यापारी एकत्र आले, म्हणून एकेकट्याला न परवडणारा ग्रंथसंग्रह उभा राहिला. तरी तो वर्गणीदारांचाच होता. ज्याला वर्गणी परवडत नव्हती, त्याची सोय त्यात नव्हती.

पुढचं पाऊल टाकलं ते न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरो नावाच्या छोट्या गावानं. न्यू इंग्लंडमधल्या गावांत वर्षातून एकदा गावसभा भरते. रस्ते, शाळा, कर, सगळ्यांवर गावकरी समोरासमोर बोलतात आणि मत देतात. १८३३ साली पीटरबरोच्या सभेनं ठरवलं की राज्याकडून शिक्षणासाठी येणाऱ्या पैशातला काही भाग पुस्तकांवर खर्च करायचा आणि ती पुस्तकं गावातल्या प्रत्येकाला मोफत वाचू द्यायची. एबिएल अ‍ॅबट नावाच्या धर्मोपदेशकानं यात पुढाकार घेतला होता. वाचनालयाला स्वतःची इमारत नव्हती. पुस्तकांचं कपाट ठेवलं होतं गावातल्या किराणा दुकानात, तिथेच पोस्टही होतं. माणसं पत्र घ्यायला यायची आणि पुस्तक घेऊन जायची. करातून चालणारं आणि सर्वांना मोफत असलेलं अमेरिकेतलं सर्वात जुनं वाचनालय म्हणून पीटरबरोचं नाव आजही घेतलं जातं.

मोठ्या शहरांत हा मान बॉस्टननं मिळवला. तिथलं सार्वजनिक वाचनालय १८४८ मध्ये कायद्यानं स्थापन झालं आणि १८५४ मध्ये वाचकांना खुलं झालं. कॉपली चौकातली त्याची सध्याची भव्य इमारत १८९५ सालची. तिच्या मुख्य दारावर ‘सर्वांसाठी मोफत’ अशा अर्थाचे शब्द दगडात कोरलेले आहेत. संगमरवरी जिना आणि भित्तिचित्रं असलेल्या त्या वास्तूत बंदरावरचा हमालही त्याच दारानं जाऊ शकेल, हे त्या काळी ठासून सांगण्याजोगं होतं.

पोलादाचा पैसा, गावाची हमी

स्कॉटलंडमधल्या एका विणकराचा मुलगा १८४८ साली आईवडिलांबरोबर पेनसिल्व्हेनियात आला. वय बारा. कापडगिरणीत आठवड्याला एक डॉलर वीस सेंट मजुरीवर तो कामाला लागला. त्या परिसरात कर्नल जेम्स अँडरसन नावाचे गृहस्थ आपल्या घरचा सुमारे ४०० पुस्तकांचा संग्रह कामकरी मुलांसाठी दर शनिवारी उघडत. मुलानं एक पुस्तक न्यायचं, पुढच्या शनिवारी परत आणायचं. त्या मुलाचं नाव अँड्र्यू कार्नेगी. पुढे पोलादाच्या धंद्यात तो जगातल्या सर्वात श्रीमंत माणसांपैकी एक झाला, आणि त्याच्या पैशातून जगभर अडीच हजारांवर ग्रंथालयं उभी राहिली. त्यातली जवळपास १,७०० एकट्या अमेरिकेत होती.

या देणगीची अट फार विचारपूर्वक घातलेली होती. कार्नेगी इमारतीचे पैसे देई, पण जागा गावानं द्यायची. शिवाय देणगीच्या दहा टक्के रक्कम गावानं दर वर्षी करातून वाचनालयावर खर्च करायची, असा ठराव आधी करून पाठवायचा. १०,००० डॉलरची इमारत हवी असेल तर वर्षाला १,००० डॉलरची हमी. हा पत्रव्यवहार त्याचा सचिव जेम्स बर्ट्रम सांभाळी. लोकसंख्या किती, कर किती, जागा कुठली, हे तो गावाला विचारी आणि साधारण माणशी दोन डॉलर या हिशेबानं रक्कम ठरवी. पुस्तकांसाठी तो एक सेंटही देत नसे. धनिकाची मदत इमारतीपुरती होती. वाचनालय जिवंत ठेवण्याची जबाबदारी पहिल्या दिवसापासून गावाची राहिली, आणि ती शंभर वर्षांनंतरही गावाचीच आहे.

आयोवा, इंडियाना, कॅलिफोर्नियातल्या छोट्या गावांतून जाताना या इमारती लगेच ओळखू येतात. रस्त्यापासून थोडं वर चढून जाणाऱ्या पायऱ्या, दाराशी दोन दिवे, आत मधोमध ग्रंथपालाचं टेबल आणि भोवती उघडी कपाटं. पूर्वी पुस्तक हवं तर चिठ्ठी द्यायची आणि कारकुनानं ते आतून आणून द्यायचं, अशी रीत होती. उघड्या कपाटांमुळे वाचकाला स्वतः फिरून, चाळून पुस्तक निवडता येऊ लागलं.

या दानाला रक्ताचा डागही आहे. १८९२ साली कार्नेगीच्याच होमस्टेडच्या कारखान्यात मजुरीवरून संघर्ष पेटला. मालकांनी बोटींतून भाडोत्री पहारेकरी आणले, गोळीबार झाला आणि दोन्ही बाजूंची मिळून किमान दहा माणसं मेली. कामगारांची संघटना मोडली. त्याच होमस्टेडमध्ये १८९८ साली कार्नेगीचं देखणं ग्रंथालय उघडलं. बारा-बारा तास भट्टीपुढे उभं राहणाऱ्यानं पुस्तक कधी वाचायचं, हा कामगारांचा प्रश्न होता. काही गावांनी तर ही देणगी नाकारली. शेजारच्या ब्रॅडॉकमध्ये मात्र १८८९ साली उघडलेल्या, अमेरिकेतल्या पहिल्या कार्नेगी ग्रंथालयाच्या तळघरात कामगारांसाठी न्हाणीघरं होती. पाळी संपली की अंग धुवायचं आणि वर जाऊन वाचायचं. सोय आणि शोषण, दोन्ही त्या एकाच खोऱ्यात नांदत होती.

दार कुणाला उघडं, कुणाला बंद

‘सर्वांसाठी’ या शब्दात कृष्णवर्णीय अमेरिकन फार काळ धरले जात नव्हते. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या वाचनालयांत त्यांनाच प्रवेश नव्हता. केंटकीतल्या लुइव्हिलमध्ये १९०५ साली त्यांच्यासाठी वेगळी शाखा निघाली. तिथले ग्रंथपाल थॉमस फाउंटन ब्लू यांनी पुढे इतर कृष्णवर्णीय ग्रंथपाल घडवले. ही शाखा नावाजली गेली, तरी वेगळी ती वेगळीच.

२१ ऑगस्ट १९३९ रोजी व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया शहरात नीटनेटके कपडे केलेले पाच कृष्णवर्णीय तरुण एकापाठोपाठ एक वाचनालयात गेले. प्रत्येकानं सभासदत्वाचं कार्ड मागितलं. नकार मिळाल्यावर प्रत्येकानं कपाटातून एक पुस्तक काढलं आणि सगळे वेगवेगळ्या टेबलांशी शांतपणे वाचत बसले. पोलीस आले, पाचही जणांना अटक झाली. शांतता भंग केल्याचा आरोप ठेवला गेला. ही आखणी होती सॅम्युएल टकर या तरुण वकिलाची. शहरानं उत्तर म्हणून दुसऱ्या वर्षी काळ्यांसाठी एक लहान, वेगळं वाचनालय बांधलं. टकरनं त्याचं कार्ड घ्यायला नकार दिला. त्या पाच जणांवरचे आरोप रीतसर मागे घेतले गेले ते २०१९ साली, ऐंशी वर्षांनी.

१९५९ साली दक्षिण कॅरोलिनातल्या लेक सिटी गावात नऊ वर्षांचा रॉन मॅकनेअर विज्ञानाची पुस्तकं घेऊन वाचनालयाच्या काउंटरपाशी उभा राहिला. पुस्तकं मिळणार नाहीत असं सांगितलं तरी तो हलेना, तेव्हा पोलिसांना बोलावण्यात आलं. अखेरीस पुस्तकं घेऊनच तो घरी गेला. हाच मुलगा पुढे भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवून अंतराळवीर झाला आणि १९८६ साली चॅलेंजर यानाच्या स्फोटात मृत्यू पावला. ज्या इमारतीत त्याला अडवलं होतं, तिथे आज त्याच्या नावाचं संग्रहालय आहे.

त्याआधीच न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये १३५व्या रस्त्यावरची शाखा कृष्णवर्णीय साहित्याचं घर बनली होती. आर्तुरो शोंबर्ग या पोर्तो रिकोत जन्मलेल्या संग्राहकानं आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या इतिहासाची हजारो पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं जमवली होती. १९२६ साली १०,००० डॉलरच्या अनुदानातून तो संग्रह या शाखेसाठी घेण्यात आला. कवी लँग्स्टन ह्यूज यांच्या अस्थी आज तिथल्याच फरशीखाली आहेत. त्याच शाखेत १९२१ साली कामाला लागलेल्या पुरा बेलप्रे यांनी पुढे स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना आपल्या आजीकडच्या गोष्टी त्यांच्याच भाषेत सांगायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या वाचनालयात आज जिथे-तिथे दिसणारी दोन भाषांतली ‘गोष्टींची वेळ’ या परंपरेतून आली आहे.

इंग्रजी बोलायचं टेबल

वाचनालयाच्या सूचनाफलकावर आठवड्याचे कार्यक्रम लावलेले असतात. लहान मुलांच्या गोष्टी, विणकाम, आयकराचे अर्ज भरायला मदत, आणि बहुतेक शहरांत एक ओळ असतेच: इंग्रजी संभाषण गट. ज्यांचं वाचायचं-लिहायचं इंग्रजी ठीक आहे, पण बोलताना जीभ अडखळते, त्यांच्यासाठी हा गट असतो.

एका लांब टेबलाभोवती आठ-दहा खुर्च्या. टेबलाच्या एका टोकाला एक स्वयंसेवक, पुष्कळदा निवृत्त शिक्षिका किंवा कार्यालयातून निवृत्त झालेले गृहस्थ. फळा नाही, हजेरी नाही, परीक्षा नाही. आठवड्याचा विषय ठरलेला असतो आणि प्रत्येकानं त्यावर थोडं बोलायचं. चूक झाली तर मध्येच टोकत नाहीत, बोलणं पुरं होऊ देतात. कोरियन आजोबा, ब्राझीलची गृहिणी, युक्रेनचा इंजिनियर आणि पुण्याहून मुलीकडे आलेल्या काकू, सगळे एकाच पातळीवर अडखळत असतात, म्हणून लाज लवकर गळून पडते.

विषयांची यादी म्हणजे अमेरिकन जगण्याची सूचीच असते. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणारा थँक्सगिव्हिंग घ्या. लिंकननं १८६३ साली यादवी युद्धाच्या धामधुमीत तो देशभर पाळायला सांगितला आणि १९४१ साली कायद्यानं त्याचा दिवस पक्का झाला. पण टेबलावर चर्चा होते ती घरी कोणी काय घेऊन जायचं याची, टर्की न खाणाऱ्यानं काय करायचं याची. ‘पॉटलक’ म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायची पंगत. ‘यार्ड सेल’ म्हणजे शनिवारी सकाळी अंगणात मांडलेला घरातल्या जुन्या सामानाचा बाजार, जिथे घासाघीस चालते. ‘ज्युरी ड्युटी’ म्हणजे न्यायालयातून येणारं बोलावणं, आणि साधा नागरिक पंच म्हणून बसतो तेव्हा काय घडतं याची माहिती. हॉटेलात वेटरला बक्षिशी किती द्यायची, शेजाऱ्याशी हवेवर किती वेळ बोलायचं, डॉक्टरला प्रश्न कसा विचारायचा, हेही विषय असतात. बेसबॉल तर हटकून येतो, कारण ऑफिसातलं निम्मं बोलणं त्या खेळाच्या आडून चालतं. अंदाजे आकडा विचारायचा असो की एखाद्याला भेटून खुशाली घ्यायची असो, शब्द मैदानावरचेच.

ही पद्धत रेडिओनंही अवलंबली होती. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’नं १९ ऑक्टोबर १९५९ रोजी इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी खास प्रसारण सुरू केलं. सुमारे १,५०० शब्दांचा साठा, छोटी वाक्यं आणि संथ गतीचं वाचन. भाषेचा धडा देण्याऐवजी अमेरिकेतली माणसं, शोध, गाणी आणि सण यांच्या कहाण्या सांगायच्या, म्हणजे भाषा आपोआप कानात मुरते, हे त्यामागचं सूत्र. वाचनालयातल्या टेबलाचंही तेच सूत्र आहे. फरक एवढाच की इथे ऐकणाऱ्याला बोलावंही लागतं.

क्वीन्समध्ये नव्यानं आलेल्या स्थलांतरितांसाठीचा खास उपक्रम १९७७ पासून चालू आहे. नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी हा तिथला आणि देशभरच्या अनेक शाखांचा मोठा भाग असतो. तिच्यातला नागरिकशास्त्राचा भाग तोंडी होतो आणि त्याच्या प्रश्नांची यादी आधीच जाहीर असते. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ही यादी १२८ प्रश्नांची झाली. त्यातले वीस विचारले जातात आणि बारा बरोबर यावे लागतात. राज्यघटना, न्यायालयं, गुलामगिरी, नद्या, सुट्ट्या असे विषय. अनेक वाचनालयांत यासाठी एक वेगळा कोपराच असतो, जिथे पुस्तिका मिळतात आणि सरावाला जोडीदारही मिळतो.

शिडी, दुर्बीण आणि माफ झालेला दंड

कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात १९७९ पासून वाचनालयाच्या कार्डावर ड्रिल, शिड्या आणि बागकामाची अवजारं मिळतात. मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरमध्ये आकाश पाहायला दुर्बीण घरी नेता येते. कुठे केकचे साचे, कुठे गिटार, कुठे भाजीपाल्याचं बियाणं, कुठे जवळच्या उद्यानाचा प्रवेशपास. एका घराला वर्षातून दोनदा लागणारी वस्तू गावानं एकदाच विकत घ्यावी, हा तोच फ्रँकलिनचा हिशेब आहे.

पुस्तक माणसापर्यंत नेण्याची खटपटही जुनी आहे. मेरीलँडच्या हेगर्सटाउनमधल्या ग्रंथपाल मेरी टिटकम यांनी १९०५ साली घोडागाडीत पुस्तकं भरून ती शेतावरच्या घरांपर्यंत पाठवायला सुरुवात केली. मंदीच्या काळात, १९३५ ते १९४३ या वर्षांत, केंटकीच्या डोंगराळ भागात सरकारी रोजगार योजनेवरच्या बायका घोड्यावर, खेचरावर बसून ओढे ओलांडत पुस्तकं पोहोचवत होत्या.

आजच्या शहरी वाचनालयावर मात्र वेगळंच ओझं आहे. बेघर माणसाला दिवसभर उबेत बसता येईल, शौचालय वापरता येईल आणि कोणी काही विकत घ्यायला सांगणार नाही, अशी जागा शहरात दुसरी उरलेली नाही. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या मुख्य वाचनालयानं २००९ साली पूर्णवेळ समाजसेविका नेमली आणि पुढे इतर शहरांनीही ही वाट धरली. ग्रंथपालांना आज संदर्भग्रंथांइतकीच निवाऱ्यांची आणि दवाखान्यांची माहिती ठेवावी लागते. हे काम अवघड आहे आणि त्यासाठी त्यांना पुरेसे पैसे आणि प्रशिक्षण मिळतंच असं नाही.

उशिरा परत केलेल्या पुस्तकांचा दंड हा आणखी एक अडसर होता. शिकागोनं २०१९ मध्ये तो रद्द केला. न्यू यॉर्क शहरातल्या तिन्ही ग्रंथालय संस्थांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये तेच केलं. तोवर थकलेल्या दंडामुळे सुमारे चार लाख न्यू यॉर्ककरांची कार्डं अडकून पडली होती, आणि ती जास्त करून गरीब वस्त्यांतल्या माणसांची होती.

मतपेटीत गेलेलं वाचनालय

अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांचा सुमारे ८५ टक्के पैसा स्थानिक असतो. पुष्कळ ठिकाणी घरपट्टीत वाचनालयाचा म्हणून वेगळा हिस्सा असतो आणि तो वाढवायचा की चालू ठेवायचा, यावर गाव मतदान करतं. त्यामुळे वाचनालय हा निवडणुकीचा विषय होतो.

मिशिगनमधल्या ट्रॉय शहरात २०११ साली वाचनालय बंद पडायच्या बेतात होतं. करवाढीला आधी नकार मिळाला होता आणि २ ऑगस्टला पुन्हा मतदान ठरलं होतं. तेवढ्यात शहरभर पाट्या झळकल्या: वाचनालय बंद करायला मत द्या, ५ ऑगस्टला पुस्तकांच्या होळीला या. लोक खवळले, पाट्या उपटू लागले, शहरभर पुस्तकांची चर्चा सुरू झाली. मग उघड झालं की पाट्या लावणारे वाचनालयाच्या बाजूचेच होते. कराबद्दलचा वाद पुस्तकांकडे वळवायचा हा त्यांचा डाव होता. कर मंजूर झाला आणि वाचनालय वाचलं.

त्याच राज्यात जेम्सटाउन टाउनशिपमधलं पॅटमॉस वाचनालय ऑगस्ट २०२२ मध्ये हरलं. समलिंगी जीवनावरची काही पुस्तकं काढून टाकायला कर्मचाऱ्यांनी नकार दिला, म्हणून मतदारांनी कराचं नूतनीकरण फेटाळलं. वाचनालयाचा ८४ टक्के खर्च त्या करातून भागत होता. नोव्हेंबरमध्ये पुन्हा नकार आला. देशभरातून देणग्या आल्या, त्यावर दार उघडं राहिलं. अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच मतदारांनी कर मंजूर केला.

टेक्सासमधल्या लॅनो काउंटीत १७ पुस्तकं काढण्यावरून वाचकांनी न्यायालय गाठलं. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी पुस्तकं परत ठेवायला सांगितल्यावर, वाचनालयंच बंद करावीत का, यावर काउंटीनं सभा घेतली आणि ती चालू ठेवायचं ठरवलं. मे २०२५ मध्ये अपील न्यायालयानं काउंटीच्या बाजूनं निकाल दिला. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या नोंदीप्रमाणे २०२३ या एका वर्षात ४,२४० वेगवेगळ्या पुस्तकांवर आक्षेप घेतले गेले. उलट ब्रुकलिनच्या वाचनालयानं २०२२ पासून देशातल्या १३ ते २१ वयाच्या कोणालाही ई-पुस्तकांचं मोफत कार्ड द्यायला सुरुवात केली. मार्च २०२५ मध्ये ग्रंथालयांना मदत करणारी केंद्रीय संस्था गुंडाळण्याचा आदेश निघाला, तेव्हा अनेक राज्यं न्यायालयात गेली.

ही भांडणं पाहून या व्यवस्थेबद्दल शंका येऊ शकते. पण भांडण होतं, कारण मालकी लोकांकडे आहे. ज्या वाचनालयाचा खर्च आपण देतो, त्यातल्या कपाटाबद्दल गाव गप्प बसत नाही. या व्यवस्थेची ताकद आणि तिचा धोका, दोन्ही तिथेच आहेत.

न्यू हेवनहून बडोद्याला

या कथेचा एक धागा थेट मराठी माणसापर्यंत येतो. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेले सयाजीराव गायकवाड १९०६ साली अमेरिकेत गेले. तिथली मोफत वाचनालयं त्यांनी पाहिली. संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं, पण शाळा सुटल्यावर वाचायला काही नसेल तर आलेली अक्षरंही विसरली जातात, हे त्यांना दिसत होतं. १९१० साली त्यांनी कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालय खात्याचं प्रमुख केलं.

बॉर्डन तीन वर्षं बडोद्यात राहिले. १९११ मध्ये ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघालं, इंग्रजी, गुजराती आणि मराठीत. राजवाड्यातली सुमारे २०,००० पुस्तकं सार्वजनिक झाली. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती खेडोपाडी फिरवली जाऊ लागली. गावात वाचनालय हवं असेल तर गावकऱ्यांनी काही रक्कम उभी करायची, तेवढीच स्थानिक मंडळानं आणि तेवढीच संस्थानानं द्यायची, असा नियम होता. गावाचा वाटा आधी, ही कार्नेगीच्या अटीशी मिळतीजुळती रीत होती. शेकडो गावांत अशी वाचनालयं उभी राहिली.

महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही. शासनमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गांनुसार अनुदान मिळतं आणि बाकीचा भार वर्गणी, अनामत आणि देणग्यांवर असतो. अनुदान उशिरा आलं की ग्रंथपालाचा पगार रखडतो. घरपट्टीत वाचनालयाचा हिस्सा असता तर गावानं त्याचा हिशेब मागितला असता आणि ग्रंथपालाला वाट पाहत बसावं लागलं नसतं.

एडिसन, फ्रीमाँट, नेपरव्हिल, प्लेनो अशा शहरांत मुलांकडे सहा महिने राहायला जाणारे हजारो मराठी आईवडील आहेत. मुलं कामावर गेली की मोठ्या घरात दिवस लांबतो. त्यांनी पहिल्याच आठवड्यात जवळचं वाचनालय गाठावं. बसून वाचायला आणि कार्यक्रमांना यायला बहुतेक ठिकाणी कार्ड लागत नाही. कार्डाचे नियम गावागणिक वेगळे असतात, ते काउंटरवर विचारावेत. इंग्रजीच्या टेबलाची वेळ टिपून घ्यावी आणि तिथे दिवाळीबद्दल बोलावं, कारण त्या टेबलावर नवा सण सगळ्यांना हवा असतो. परत आल्यावर आपल्या गावातल्या वाचनालयाचं सभासद व्हावं आणि त्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जाऊन हिशेबाच्या विषयावर तोंड उघडावं.